शून्य कुठे ठेवायचं? आलेख काढणाऱ्यांसाठी पहिली मार्गदर्शिका

‘उद्याच्या सभेला जरा चार्ट-बिर्ट टाका’ असा फोन ज्यांना संध्याकाळी सहानंतर येतो, त्या सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. विकास सोसायटीचे सचिव, ग्रामपंचायतीचा संगणक चालवणारा मुलगा, कारखान्यात वार्षिक अहवाल जुळवणारे कारकून, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आणि बाई, बचत गटाच्या अध्यक्ष, यांपैकी कोणालाही ती वापरता येईल. चार्ट कसा काढायचा हे एमएस-सीआयटीत शिकवतात. बिर्ट इथे शिकवलं आहे.

उदाहरणं सगळी अहिल्यानगर जिल्ह्यातली आहेत. क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, एका टोकाला सह्याद्रीतला धो धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला टँकर, मधे ऊस, कांदा आणि धरणं. आलेखाला लागणारा कच्चा माल इथे इतका आहे की बाहेरून काही मागवावं लागत नाही.

साहित्य

संगणक एक, ई-सेवा केंद्रातला असला तरी चालेल. एक्सेल, लिब्रेऑफिस किंवा गुगल शीट्स, यांपैकी जे उघडेल ते. आकडे, चवीपुरते. हेतू एक, पण तो आधीच ठरलेला हवा. आकडे पाहून निष्कर्ष काढण्याची जुनी पद्धत वेळखाऊ आहे. निष्कर्ष अध्यक्षांकडून फोनवरच घ्यावा आणि मग त्याला शोभतील असे आकडे निवडावेत.

पायरी पहिली: जिल्ह्याचं विभाजन टाळा

समजा गेल्या दहा वर्षांची माहिती तुम्ही एका शीटवर आणली. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्यामुळे वरच्या ओळींत जुनं नाव आहे, खालच्या ओळींत नवं. मधल्या काही ओळी घाईत भरलेल्या, तिथे नुसतं ‘नगर’ किंवा ‘अ.नगर’. माणसाला कळतं की हे सगळं एकच. एक्सेलला एका अक्षराचाही फरक चालत नाही, ते चार जिल्हे करून मोकळं होतं. उत्तर नगर आणि दक्षिण नगर वेगळं करा ही मागणी किती निवडणुका जुनी आहे. एक्सेल ते काम एका क्लिकमध्ये करतं आणि वर दोन जिल्हे जादा देतं. मुख्यालय कुठे, हा वाद तेवढा ते सोडवत नाही.

तालुक्यांचंही तेच. ‘शेवगाव’ आणि ‘शेवगांव’ हे एक्सेलच्या लेखी दोन तालुके आहेत. ‘कोपरगाव’च्या मागे चुकून स्पेस पडली तर तिसराच तालुका, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून नावाच्या रकान्याला आधी फिल्टर लावून यादी पाहावी. चौदाच्या वर तालुके दिसले तर आलेखाकडे वळू नये.

आकड्यांच्या रकान्यात एक खूण लक्षात ठेवा. खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला जाऊन बसतो. मागे ‘रु.’ किंवा ‘क्विं.’ लिहिलंत की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि डावीकडे सरकतो. असा डावा आकडा आलेखात गेला की त्याची किंमत शून्य धरली जाते. तारखेचंही असंच आहे. संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल तर ७/८ म्हणजे त्याच्या मते आठ जुलै. बारा तारखेपुढच्या तारखा त्याला समजतच नाहीत, त्या मजकूर म्हणून डावीकडे जातात. अर्धा ऑगस्ट वर्षभर विखुरलेला आणि उरलेला अर्धा डाव्या कडेला, असा महिना दिसला तर पावसाला दोष देऊ नका.

पायरी दुसरी: बटण दाबा

आकडे सिलेक्ट करून एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एफ-१ दाबलं की त्याच पानावर आलेख उगवतो. नुसतं एफ-११ दाबलं तर स्वतंत्र पानभर उगवतो. वेळ साधारण एक सेकंद. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानं १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख आणि स्कॉटलंडच्या व्यापाराचा एक स्तंभालेख छापले, तेव्हा एकेक पान तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यावं लागलं होतं. वर्तुळाचे तुकडे करून दाखवण्याची युक्तीही त्याचीच, १८०१ ची. पत्रा कोरायचा म्हटल्यावर माणूस काय दाखवायचं याचा विचार आधी करतो. १९८५ साली एक्सेल आलं आणि विचार नंतर करण्याची सोय झाली.

पायरी तिसरी: पाय चार्ट, आणि तोही त्रिमितीय

नवशिक्यानं सुरुवात पाय चार्टनं करावी, कारण तो गोल असतो आणि कार्यक्रमपत्रिकेवर चांगला दिसतो. दहावीच्या गणितात यालाच वृत्तालेख म्हणत. घटकाला एकूण संख्येनं भागून ३६०नं गुणायचं, मग कोनमापकानं कोन काढायचे. तिथे चार-पाच घटक असत, कारण हाताने कोन काढणाऱ्याला त्यापुढे कंटाळा येतो. एक्सेलला कंटाळा येत नाही. त्याला चौदा तालुक्यांचा निधी द्या, ते चौदा तुकडे करून देतं.

एक्सेलकडे नेहमीच्या थीममध्ये मूळ रंग सहाच असतात. सातव्या तुकड्यापासून त्याच सहांच्या गडद-फिक्या छटा सुरू होतात. त्यामुळे राहुरी निळी असेल तर श्रीगोंदा गडद निळा, आणि बाजूच्या यादीतला कोणता निळा कोणाचा हे सभागृहात दुसऱ्या रांगेपासून पुढे कोणालाच कळत नाही. ज्यांचा वाटा कमी आहे त्यांच्यासाठी ही सोय उत्तम.

आपल्या तालुक्याचा वाटा मोठा दिसायला हवा असेल तर आलेख त्रिमितीय करावा आणि ‘अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस’ हा आकडा फिरवत राहावं, आपला तुकडा पुढच्या बाजूला येईपर्यंत. पुढच्या तुकड्याला जाडी दिसते, मागच्याला दिसत नाही. निधी तेवढाच राहतो, तुकडा मात्र सुजतो. इतर तेरा तालुक्यांकडेही एक्सेल आहे, एवढीच यातली अडचण.

हे नको असेल तर आडवे स्तंभ घ्यावेत, मोठ्याकडून लहानाकडे रांगेत, प्रत्येकाच्या डोक्याशी त्याचा आकडा. दिसायला साधं वाटतं. साधं दिसणं हा मात्र आपल्याकडे सभेत उठून केलेला अपमान समजतात, तेव्हा आपापल्या जबाबदारीवर.

पायरी चौथी: उभा अक्ष कापा

ही खरी विद्या. जिल्ह्यात ती शिकण्याची जागा म्हणजे साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात याच जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरानगरला १९५० साली झाली. शेतकऱ्यांना उभं करणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि अध्यक्षपदी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, अशी ती जोडी होती. म्हणजे इथल्या सहकारी साखरेच्या पहिल्या ताळेबंदालाच आकडे वाचणारा अध्यक्ष लाभला होता. पुढचे अहवाल रंगीत झाले.

उताऱ्याचं उदाहरण घेऊ. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो उतारा. सरावासाठी धरा, मागच्या हंगामात १०.९५ होता, यंदा ११.१५ आहे. स्तंभालेख काढला आणि अक्ष शून्यापासून ठेवला तर दोन्ही स्तंभ सारखेच दिसतात. बारा सेंटिमीटर उंचीच्या, शून्य ते बाराच्या आलेखात फरक दोन मिलिमीटरचा. संचालक मंडळ नाराज होतं. आता ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्ये जाऊन मिनिममच्या चौकटीत १०.९० लिहा. एक स्तंभ ०.०५ चा उरतो, दुसरा ०.२५ चा. यंदाचा उतारा पाचपट. हार मागवा.

यावर शुद्धतावादी म्हणतील, अक्ष नेहमी शून्यापासूनच हवा. त्यांचंही ऐकू नका. केंद्र सरकारनं २०२४-२५ च्या हंगामाला ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ३२ पैसे जादा. म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. त्या हिशेबानं ०.२ चा फरक टनामागे ६६ रुपये ४० पैशांचा. शंभर टन ऊस घातलेल्या सभासदाला ते ६,६४० रुपये आहेत. शून्यापासून काढलेल्या आलेखात हे पैसे दोन मिलिमीटरमध्ये गडप झाले. उतारा घसरलेल्या वर्षी नेमका हाच ‘प्रामाणिक’ आलेख अहवालात छापून येतो, हेही शुद्धतावाद्यांनी पाहून ठेवावं.

मग करायचं काय? स्तंभाची उंची डोळा लांबीसारखी वाचतो, म्हणून स्तंभ काढायचा तर पाया शून्यावरच हवा. बारीक फरक महत्त्वाचा असेल तर रेषालेख घ्यावा. रेषेत डोळा चढ-उतार वाचतो, म्हणून तिथे अक्ष वरून सुरू करता येतो, फक्त तो कुठून सुरू केला हे लिहावं लागतं. शाळेत अक्षावर शून्याजवळ एक नागमोडी खूण काढायचो, अक्षसंकोच चिन्ह. इथला काही भाग गाळला आहे, हे त्या खुणेवरून बघणाऱ्याला कळे. एक्सेलमध्ये हजार बटणं आहेत, त्या खुणेचं नाही.

पायरी पाचवी: कांद्याला रेषेवर आणा

कांद्याचा आलेख काढताना पहिला निर्णय कोणता दर घ्यायचा याचा. पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात आवकेशेजारी किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. भाव चढले असं दाखवायचं असेल तर कमाल दर घ्यावा. तो दोन-चार वक्कलांनाच मिळालेला असतो, पण मिळालेला असतो, त्यामुळे खोटं म्हणता येत नाही. आंदोलनाच्या पत्रकासाठी किमान दर घ्यावा. तो बहुधा गोल्टीला किंवा भिजलेल्या मालाला मिळालेला असतो, पण तोही खराच. ज्याला दोन्ही नको असेल त्यानं तिन्ही रेषा एकाच आलेखात काढाव्यात. त्या रेषांमधलं अंतर हाच मग बाजाराचा खरा आलेख होतो. मधली रेषा वरच्या रेषेजवळ आहे की खालच्या, यावरून कळतं की बहुतेकांच्या गोण्या कुठे गेल्या.

दुसरा निर्णय सुट्टीचा. अहिल्यानगरजवळच्या नेप्तीला किंवा नेवासे तालुक्यातल्या घोडेगावला कांद्याचे लिलाव रोज नसतात, ठरावीक वारी असतात. लिलाव नसलेल्या दिवशी उत्साही ऑपरेटर दराच्या रकान्यात शून्य टाकतो. आलेखात मग आठवड्यातून चार वेळा कांदा फुकट जातो आणि दुसऱ्या दिवशी सावरतो. करवतीच्या दातांसारखी ही रेषा पाहून एखादा अधिकारी ‘दरात तीव्र अस्थिरता’ असं टिपण लिहूनही मोकळा होतो. सेल रिकामा सोडावा. ‘सिलेक्ट डेटा’मध्ये ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ असा पर्याय आहे, तिथे रिकाम्या जागी खंड ठेवायचा की रेषा जोडायची हे सांगता येतं. दर मिळाला नाही आणि दर शून्य मिळाला, यातला फरक शेतकऱ्याला पट्टी हातात पडल्यावर कळतो. यंत्राला तो आपण सांगावा लागतो.

तिसरा निर्णय आडव्या अक्षाचा. उभा अक्ष कापणारे पकडले जातात, आडवा कापणारे सहसा सुटतात. केंद्रानं ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ ला ती उघडली, तीही किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क लावून. आलेख नोव्हेंबरपासून सुरू केला तर बंदीआधीचे आणि बंदीनंतरचे दर शेजारी येतात. तोच आलेख जानेवारीपासून सुरू केला तर बंदी कधी लागली हे चित्रात येतच नाही, जणू कांदा जन्मतःच त्या भावाचा होता. एकही आकडा खोटा न लिहिता पाच महिन्यांचं धोरण पानाबाहेर काढता येतं. म्हणून दुसऱ्याचा आलेख हातात आला की आधी डावी कड पाहावी आणि विचारावं, याच्या आदल्या महिन्यात काय झालं होतं?

आवक आणि दर एकाच चित्रात दाखवायचे तर ‘सेकंडरी ॲक्सिस’ लागतो. डावीकडे क्विंटल, उजवीकडे रुपये. दोन अक्ष आले की दोन रेषा कुठे छेदायच्या हे तुमच्या हातात. दोन्हींची कमाल मर्यादा थोडी मागेपुढे करून पाहा, आवक वाढली म्हणून भाव पडला की भाव पडला म्हणून आवक थांबली, हवं ते सिद्ध होतं. संशय नको असेल तर दोन आलेख एकाखाली एक काढावेत, तारखा एका रेषेत ठेवून.

पायरी सहावी: पाऊस वाटून टाका

जिल्ह्याचा सरासरी पाऊस हा नवशिक्याचा लाडका आकडा, कारण तो एकच असतो. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावरच्या घाटघरला मोसमात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत हा पट्टा पर्जन्यछायेत येतो. सरावासाठी घाटघरचे ४००० आणि या चौघांचे प्रत्येकी ५०० मिलिमीटर धरा. पाचांची सरासरी १२००. आलेखात १२०० चा एक भरदार निळा स्तंभ उभा राहतो. एवढा पाऊस पाचांपैकी एकाही ठिकाणी पडलेला नाही, पण टंचाईची बैठक लवकर संपते.

पाचही स्तंभ वेगळे काढले तर दुसरी पंचाईत. घाटघरचा स्तंभ पानाच्या वरच्या कडेला लागतो आणि उरलेले चार पायथ्याशी खुजे दिसतात. कर्जतला यंदा पाचशेऐवजी तीनशे पडला तर आलेखात ते जेमतेम जाणवतं, रानात मात्र रब्बी जाते. अशा वेळी मिलिमीटर सोडून द्यावेत आणि प्रत्येक ठिकाणचा पाऊस त्याच्याच नेहमीच्या पावसाच्या किती टक्के झाला हे मांडावं. मग कर्जतचा साठ टक्क्यांचा स्तंभ सभेत सर्वांना दिसतो आणि बैठक लांबते.

पायरी सातवी: धरण रिकामं करा, पुन्हा भरा

टक्केवारी चांगली, पण कशाची टक्केवारी हे विचारायला कोणी उठत नाही, हा तिचा दुसरा गुण. ते शिकायला धरणांकडे चला. पावसाळ्यात या जिल्ह्यात सकाळी चहाबरोबर धरणांचे आकडे वाचतात. १९२६ साली पूर्ण झालेलं प्रवरेवरचं भंडारदरा ११,०३९ दलघफूचं, खालचं निळवंडे ८,३२० चं, राहुरीजवळचं मुळा २६,००० चं. हे आकडे पाटपाण्यावर शेती असलेल्यांना पाठ असतात.

आता गोदावरीवर पैठणला जाऊ. जायकवाडीचा एकूण साठा १०२ टीएमसीच्या थोडा वर, एक टीएमसी म्हणजे हजार दलघफू. त्यातला उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी, उरलेला साधारण २६ टीएमसी मृतसाठा. म्हणजे जायकवाडीत जे पाणी हिशेबातच धरत नाहीत, तेच काठोकाठ भरलेल्या मुळा धरणाएवढं आहे. जायकवाडी शून्य टक्क्यांवर आली अशी बातमी येते तेव्हा तळाशी आणखी एक मुळा शिल्लक असते.

याचा आलेखाला काय उपयोग? समजा उपयुक्त साठा ३० टक्के आहे, म्हणजे २३ टीएमसी. पैठणच्या बाजूनं आलेख काढणारा ३० चा स्तंभ काढेल. नगरच्या बाजूनं काढणारा त्यात मृतसाठा मिळवेल, ४९ टीएमसी भागिले १०२.७, जवळपास ४८ टक्के. पाणी तेच, भिंत तीच, तारीख तीच. वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही हे मात्र टक्क्यावर ठरतं. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानं १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचं सूत्र घातलं. तेव्हापासून दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी टक्केवारीचं गणित असं पक्कं केलं आहे की शिक्षण खात्याला हेवा वाटावा.

पैठणकर म्हणतील, मृतसाठा कालव्यात येत नाही, मग मोजायचा कशाला? नगरकर म्हणतील, पिण्याला आणि उद्योगांना वेळ आली की तो उपसतातच, मग लपवायचा कशाला? दोघांचंही बरोबर आहे. मृतसाठा शून्याखाली वेगळ्या रंगात दाखवावा आणि टक्क्याच्या शेजारी टीएमसी लिहावेत. असा आलेख काढलात तर दोन्ही बाजू तुमच्यावर रागावतील, यावरून तो जमला असं समजावं.

पायरी आठवी: विहिरीचा आलेख उलटा करा

आतापर्यंतच्या युक्त्या सभेत बसलेल्यांना आकडा माहीत नाही या विश्वासावर चालतात. जिथे तो माहीत असतो तिथे काय होतं, ते पाहायला नगर तालुक्यातल्या हिवरेबाजारला जावं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, नव्वदच्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आलं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली. बाहेरच्यांना ठाऊक असतं ते एवढंच, आणि पवारांना २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री. आलेखकारानं पाहायचं ते निराळं. इथे पाऊस गावात मोजतात, विहिरींची पाणीपातळी मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात. प्यायला किती, जनावरांना किती, उरलं त्यात रब्बीला कोणतं पीक बसतं. उसासारखं तहानलेलं पीक तर गावानं आधीच बाजूला ठेवलेलं.

हा हिशेब करायला एक्सेलसुद्धा लागत नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र साधारण ९७७ हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटरला जवळपास एक कोटी लिटर. चारशे मिलिमीटर झाला तर चारशे कोटींच्या थोडं आत. त्यातलं उडून किती गेलं, वाहून किती गेलं आणि मुरलं किती, हे वजा करत जायचं.

अशा गावासाठी विहिरींचा आलेख काढताना एक गंमत होते. पाणीपातळी जमिनीपासून खाली किती मीटर अशी मोजतात. मे महिन्यात बारा मीटर, ऑक्टोबरात तीन मीटर, असे आकडे समजा शीटवर आले. ऑल्ट, एफ-१. मे महिन्याचा स्तंभ उंच, ऑक्टोबरचा ठेंगणा. टंचाईत विहीर भरली आणि पावसाळ्यात आटली! परगावच्या सभेत यावरही टाळ्या पडतील. ज्यांनी स्वतः विहिरीत टेप सोडली आहे अशा गावात पहिल्याच मिनिटाला कोणी तरी म्हणेल, ‘भाऊ, चार्ट उलटा लागलाय.’

दुरुस्ती सोपी आहे. अक्षाच्या ‘फॉरमॅट’मध्ये ‘व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर’ला टिक करा. शून्य वर जातं, जमिनीच्या जागी. रेषा त्याखाली विहिरीसारखी उतरते आणि पावसाबरोबर वर येते. मात्र एवढं करूनही बघणाऱ्यानं मोजलं नसेल तर त्याला उलटं-सुलटं सारखंच. आलेखाची तपासणी सॉफ्टवेअर करत नाही, टेप धरणारे करतात. ज्या संस्थेला आलेखांचा धाक नको असेल तिनं सभासदांना मोजायला शिकवू नये.

पायरी नववी: सजावट

वर ‘चार्ट टायटल’ आणि बाजूला ‘सिरीज १’ असे शब्द एक्सेल स्वतः लिहून देतं. बरेच जण ते तसेच फ्लेक्सवर छापतात. त्याऐवजी ‘प्रगतीची उत्तुंग भरारी’ लिहू नये. ती भरारी असेल तर रेषेत दिसेल. शीर्षकात काय, कुठलं आणि कधीचं एवढं असावं.

रंग निवडताना तालुक्याच्या गावच्या झेरॉक्सचा विचार करावा. पडद्यावर लाल आणि हिरव्या रेषा भांडत असतात, झेरॉक्समध्ये दोघी एकाच करड्या रंगात समेट करतात. रेषेच्या टोकालाच तिचं नाव लिहिलं तर रंगांची यादी लागत नाही आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीतही कांदा ऊस होत नाही. पार्श्वभूमीला धरणाचा, उसाचा किंवा मान्यवरांचा फोटो टाकू नये. मान्यवरांच्या कपाळातून गेलेली घसरती रेषा कोणालाच आवडत नाही.

पायरी दहावी आणि शेवटची: कोपऱ्यात लिहा

शाळेत आलेखपत्राच्या उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहावं लागे. क्ष-अक्षावर एक सेंटिमीटर बरोबर इतकं, य-अक्षावर इतकं. नाही लिहिलं तर गुण जात. एक्सेलमध्ये तो कोपरा नाही, आणि गुण कापणाऱ्या बाईही नाहीत. म्हणून तो आपणच करायचा: ‘इन्सर्ट’मधून एक टेक्स्ट बॉक्स घ्यायचा आणि आलेखाच्या खालच्या कडेला ठेवायचा.

त्यात चार गोष्टी लिहा. आकडा कोणी मोजला. कोणत्या तारखेला. टक्के असतील तर कशाचे. आणि शून्य म्हणजे काय: विहिरीच्या आलेखात जमीन, धरणाच्या आलेखात मृतसाठ्याची वरची पातळी, बाजाराच्या आलेखात फुकट गेलेला माल की बंद असलेला लिलाव. दोन ओळींत बसतं.

जागा पुरत नसेल तर शीर्षक लहान करा. तरीही पुरली नाही तर वरच्या पट्टीतले फोटो कमी करा. कोणाचा फोटो आधी काढायचा, हे या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. ज्यांनी संध्याकाळी सहानंतर फोन केला होता, त्यांनाच विचारावं.